कॉस्टिक कशाला हवाय?

"काकू, आपल्याकडं कॉस्टिक सोडा कुठल्या दुकानात मिळतो हो?" असा फोन आला की मी दुकान सांगत नाही. आधी विचारते, "कशाला हवाय?" साबण करायचा असेल, मोरी तुंबली असेल, तर प्रश्न वेगळा. पण हल्ली पलीकडून उत्तर ठरलेलं असतं. "मऊ प्रेट्झेल करायचेत. व्हिडिओत त्यानं लाय वापरलंय. लाय म्हणजे कॉस्टिकच ना?"

कॉस्टिकच. पण ते आणायला जाऊ नका, आणि का जाऊ नका हे सांगायला मला जरा वेळ लागेल.

ज्यांनी हा पदार्थ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैद्यात यीस्ट घालून घट्ट पीठ मळायचं, फुगवायचं, त्याची हातभर लांब वळी करायची, दोन्ही टोकांना एकमेकांभोवती पीळ देऊन ती वळीच्या पोटावर चिकटवायची. खाराच्या पाण्यात बुडवायचं, वर मिठाचे खडे टाकायचे आणि भाजायचं. बाहेरून गडद तपकिरी, चकचकीत, पातळ साल; आत पांढराशुभ्र, चिवट-मऊ पाव. जर्मनीत, विशेषतः बव्हेरियात, हा रोजच्या न्याहारीचा पदार्थ आहे. उदगीरला तो नवा आहे, पण बेकरी नवी नाही. १९५६ पर्यंत आमचा तालुका बिदर जिल्ह्यात, म्हणजे हैदराबाद राज्यात होता. मग उस्मानाबाद आलं, १९८२ पासून लातूर. जिल्हे बदलले, भट्टीचं वळण मात्र हैदराबादीच राहिलं. खारी, दिलपसंद, उस्मानिया बिस्किट यांच्यावर वाढलेल्या गावाला मैदा, मीठ आणि लोणी यांची ओळख करून द्यावी लागत नाही. मी घरून पाव आणि बनच्या ऑर्डरी घेते, त्यात आता प्रेट्झेलही असतात. शाळेच्या स्नेहसंमेलनाला मुलांनी वडापाव सोडून हे खाल्लेलं मी पाहिलंय.

तर खार. प्रेट्झेलचा रंग ओव्हन देतो असं लोकांना वाटतं आणि मग ते तापमान वाढवत बसतात. त्याच पिठाचा गोळा नुसता भाजला तर बरा पाव होईल, प्रेट्झेल होणार नाही. भाकरीवर डाग पडतात, कांदा परतताना तांबूस होतो, त्यामागं पिठातल्या किंवा कांद्यातल्या शर्करा आणि प्रथिनांचे घटक यांची एक क्रिया असते. माय्यार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली ती मांडली, म्हणून तिला त्याचं नाव आहे. खार असला की ही क्रिया झपाट्यानं होते. त्यामुळं पंधरा मिनिटांत, आतला पाव वाळायच्या आधी, सालीला तो गडद रंग चढतो. त्या सालीची जी किंचित उग्र, खमंग चव असते तीही खाराचीच.

जर्मन बेकर यासाठी कॉस्टिकचं, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचं, तीन ते चार टक्क्यांचं थंड पाणी वापरतात. म्युनिकमधल्या एका कॅफेत १८३९ साली साखरपाण्याऐवजी पत्रे धुवायचं कॉस्टिकचं पाणी चुकून प्रेट्झेलना लागलं आणि हा पदार्थ जन्मला, अशी गोष्ट तिकडं सांगतात. खरी-खोटी ते जाणोत. भाजताना सालीवरचा कॉस्टिक हवेतल्या आणि पिठातल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून साधा सोडियम कार्बोनेट होतो, म्हणून खाणाऱ्याला तो बाधत नाही. व्हिडिओत हे सगळं सांगतात आणि ते खरंही असतं. धोका खाणाऱ्याला नसतोच. तो असतो ज्या घरात ते पाणी उरतं, त्या घराला.

आमच्या घरात तो माझ्या पुतण्यानं आणला. पोरगा पुण्याला इंजिनिअरिंगला, दिवाळीच्या सुट्टीत आलेला, हुशार आणि नीटनेटका. हार्डवेअरच्या दुकानातून कॉस्टिकच्या पातळ पांढऱ्या पापड्या घेऊन आला. कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं सोडायचं, नाहीतर ते उसळतं, हे त्याला माहीत होतं. हातमोजे घातले होते, खिडकी उघडी होती, भांडं स्टीलचं होतं. प्रेट्झेल दिसायला इतके सुरेख झाले की गल्लीतली पोरं फोटो काढून गेली. कुठंच काही चुकलं नाही. चुकलं ते त्यानंतर, आणि ते त्याच्या पुस्तकात नव्हतं.

उन्हाळ्यात ज्या गावात नळाची पाळी आठवड्यावर जाते, तिथं पाणी कुणी फेकत नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ती बातमी देशभर झाली. आमच्या बायकांना त्यात बातमी अशी काही वाटली नाही. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला, कपडे विसळलेलं पाणी मोरीला, हे हाताला लागलेलं वळण आहे. पोरानंही घरची शिस्त पाळली. उरलेलं पाणी स्टीलच्या बादलीत काढून, वर ताट झाकून, मोरीपाशी ठेवलं. संध्याकाळी संडासात ओतू म्हणाला.

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे बाई म्हणतो. शेंगा निवडून झाल्यावर बाईंनी ताट सरकवलं, तांब्या भरला आणि हात धुतले. तिथूनच आवाज दिला, "साबण कुणी कालवला गं यात? हात कसे बुळबुळ करायलेत." आणि बुळबुळ जाईना म्हणून त्या हात चोळत राहिल्या.

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण कॉस्टिकचा घात इथंच होतो. आम्ल अंगावर पडलं तर माणूस लगेच ओरडतो. कॉस्टिक आधी बुळबुळीत लागतं. तो बुळबुळीतपणा म्हणजे आपल्याच कातडीतल्या तेलकटपणाचा साबण होत असतो. आग होते ती थोडी उशिरा, आणि तोवर माणूस जास्तच चोळतो. बाईंच्या बोटांच्या पेरांवरची कातडी आधी पांढरी पडली, मग सुरकुतली, मग लाल झाली. घरात एकच गोंधळ. कुणी लिंबू कापून आणलं, आम्लानं खार मरतो म्हणून. कुणी टूथपेस्ट, कुणी हळद. पुतण्यानं सगळ्यांचे हात बाजूला सारून बाईंचे हात पिंपाच्या तोटीखाली धरले आणि तोटी सोडून दिली. त्याचं तेवढं शहाणपण कामी आलं. पिंप रिकामं होत चाललेलं पाहून बाईच म्हणत होत्या, "बस कर रे, पाणी सरंल." अशा वेळी हातावरून पाणी कमीत कमी वीस मिनिटं वाहतं ठेवायचं असतं, आणि आपल्या घरात वीस मिनिटं तोटी उघडी ठेवायला जिवावर येतं. दवाखान्यात डॉक्टरांनी तेच विचारलं, पाणी किती वेळ ओतलंत? लिंबू लावलं नाहीत हे बरं केलंत, म्हणाले. खार आणि आम्ल एकत्र आलं की उष्णता निघते आणि भाजलेल्या जागी आणखी भाजतं. बाईंना त्यानंतर कितीतरी दिवस भाकरी थापता आली नाही.

हेच पाणी कुणी प्यालं असतं तर? आपल्याकडं बाटली दिसली की ती पाण्याचीच असते असा हिशेब असतो. कॉस्टिकच्या पाण्याला रंग नाही, वास नाही. ते गिळलं तर तोंड, घसा आणि अन्ननलिका आतून भाजते. जखम भरताना अन्ननलिका आवळत जाते आणि लहान मुलांना पुढं घास गिळणंही अवघड होतं. तसं घडलंच तर उलटी करवायची नाही, कारण वर येताना ते पुन्हा भाजतं. लिंबूपाणी, ताक, व्हिनेगर काही पाजायचं नाही. तोंड पाण्यानं धुवायचं, १०८ ला फोन करायचा आणि डबा किंवा पुडी बरोबर घेऊन दवाखाना गाठायचा. डोळ्यात उडालं तर डोळा उघडा धरून तसंच वाहतं पाणी, आणि ते थांबवून आरशात बघत बसायचं नाही.

शिवाय हार्डवेअरच्या दुकानातला माल मोरी उघडायला आणि साबणाला केलेला असतो, पोटात जायला नाही. खाण्याच्या प्रतीचा कॉस्टिक असतो, त्याच्या वेष्टनावर आयएनएस ५२४ असा क्रमांक असतो. पण आमच्या बाजारात मला तो कधी दिसलेला नाही. मोठ्या शहरातून मागवलात तरी बादलीचा प्रश्न राहतोच. त्या दिवसापासून आमच्या घरात कॉस्टिक आलेला नाही आणि प्रेट्झेल बंदही झालेले नाहीत.

कारण खार आपल्या फडताळात आहेच. चैत्र-वैशाखात गच्चीगच्चीवर उडदाचे पापड पडतात, त्यांचा पापडखार म्हणजे मुख्यतः सोडियम कार्बोनेट. त्यात खाण्याचा सोडा कमीजास्त मिसळलेला असतो. आसामात केळीच्या सालीच्या राखेचा खार स्वयंपाकात घालतात, जपानी रामेनच्या शेवयांचा चिवटपणा आणि पिवळसर रंग अशाच कार्बोनेटच्या पाण्यानं येतो. प्रेट्झेललाही हे चालतं. कॉस्टिकइतकी काळपट झळाळी येत नाही, पण खाणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना फरक सांगता येणार नाही, आणि उरलेल्या दहांनी म्युनिकला जावं.

पापडखार मी स्वतः वापरत नाही. सुट्ट्या पुडीत काय किती आहे कळत नाही, त्यामुळं एकदा साल कडू लागते, एकदा रंगच येत नाही. माझी पद्धत खाण्याचा सोडा भाजून घ्यायची. अमेरिकेतले पाकशास्त्राचे जाणकार हॅरॉल्ड मॅक्गी यांनी २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये ती लिहिली आणि तिथून ती घरोघरी गेली. खाण्याचा सोडा, म्हणजे बायकार्बोनेट, तापला की त्यातलं पाणी आणि वायू निघून जातो आणि मागं राहतं सोडियम कार्बोनेट. साध्या सोड्यापेक्षा कितीतरी तेज, कॉस्टिकपेक्षा खूप सौम्य.

शंभर ग्रॅम खाण्याचा सोडा स्टीलच्या ताटात पातळ पसरा आणि ओव्हनमध्ये १२० ते १३० अंशांवर तासभर ठेवा. झाला की नाही हे बघून कळत नाही, पांढरा तो पांढराच राहतो. वजन करा. शंभराचे ६३-६४ ग्रॅम उरले म्हणजे झाला. ७५ उरले असतील तर परत आत. गार झाला की काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, नाहीतर हवेतलं पाणी पिऊन त्याचे खडे होतात. बरणीवर मोठ्या अक्षरात काय ते लिहा, आणि साखर-मिठाच्या फळीवर ठेवू नका. हा कॉस्टिक नव्हे, पण निरुपद्रवीही नव्हे. त्याची भुकटी नाकाडोळ्यात गेली तर झोंबते आणि त्याचं कढत पाणी हाताला लागलं तर कातडी खरखरीत होते. हातमोजे घालाच.

इथं एक घोळ नेहमी होतो. किराणा दुकानात "सोडा द्या" म्हटलं की दोन वस्तू मिळू शकतात, खाण्याचा आणि धुण्याचा. धुण्याचा सोडा म्हणजे रसायन म्हणून पाहिलं तर सोडियम कार्बोनेटच, आपण भाजून जे करतो तेच. मग तोच का नाही, असं एका हुशार बाईंनी मला विचारलं होतं. कारण तो कपड्यांसाठी केलेला आहे, त्यात आणखी काय आहे याची हमी कुणी देत नाही. खाण्याच्या सोड्याच्या पाकिटावर आयएनएस ५०० असा क्रमांक आणि अन्नपरवान्याचा नंबर असतो, तो बघून घ्या.

पाण्याचं प्रमाण: एक लिटर पाण्याला तीस ग्रॅम भाजलेला सोडा. पाणी उकळून आच मंद करा, मग सोडा चमच्याचमच्यानं सोडा, एकदम टाकला तर ते फसफसून वर येतं. भाजलेला सोडा नसेल आणि पाहुणे दारात असतील तर साधा खाण्याचा सोडा लिटरला साठ ग्रॅम घ्या. रंग फिका येईल, इतकंच.

आणि भांडं. आपल्याकडं मोठं पातेलं म्हणजे बहुतेक घरी जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं. खार आणि ॲल्युमिनियम यांचं जमत नाही. शेजारच्या वहिनींनी मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं तेव्हा सोडा पडल्यावर तळाशी बारीक बुडबुडे धरले, पाणी राखाडी झालं, पातेल्याच्या आतली बाजू काळी पडली आणि प्रेट्झेलवरही ती कळा आली. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात. ते प्रेट्झेल आम्ही टाकून दिले, पातेलं वहिनी अजून वापरतात. पितळ-तांबं नको, नॉनस्टिक नको, आणि बेकिंगचा ॲल्युमिनियमचा पत्राही नको. सोडा लागलेली ओली वळी त्यावर ठेवली की पत्र्यावर डाग आणि वळीला धातूची चव. स्टीलचं पातेलं, स्टीलचा झारा, स्टीलचा किंवा लोखंडी पत्रा, त्यावर तेल लावलेला बेकिंगचा जाडसर कागद. पातळ बटर पेपर ओल्या वळीला असा चिकटतो की खाताना कागद सोलत बसावं लागतं.

बोअरचं पाणी वापरलंत तर एक मजा दिसेल. सोडा पडताच स्वच्छ पाण्यात दुधट ढग येतो आणि हळूहळू खाली बसतो. घाबरू नका, आपल्या जड पाण्यातला चुना सोडा ओढून बाहेर काढतोय. पण तो चुना वळीवर पांढऱ्या ठिपक्यांनी बसतो आणि भाजल्यावर कोड फुटल्यासारखा दिसतो. जारचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या.

आता पीठ. अर्धा किलो मैदा, २८० मिलिलिटर पाणी, दहा ग्रॅम मीठ, चमचाभर साखर, तीस-चाळीस ग्रॅम लोणी. आमच्याकडं देवणी गाईचं नाव मोठं, पण प्रेट्झेलला मी म्हशीचं घट्ट लोणी घेते. इन्स्टंट यीस्ट थंडीत पाच ग्रॅम, एप्रिल-मेमध्ये तीनच. पावापेक्षा पीठ घट्ट असायला हवं, पुरीच्या पिठाकडं झुकणारं. मऊ पिठाची वळी छान लांब होते आणि उकळत्या पाण्यात गेली की ओघळून तिचा आकार हरवतो.

बहुतेक कृती थंड देशातल्या माणसांनी लिहिल्यात, हे विसरू नका. "कोमट पाण्यात यीस्ट भिजवा, ऊबदार जागी दीड तास ठेवा" हे आमच्या मेमध्ये वाचायचं म्हणजे विनोद आहे. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देईल इतकं तापलेलं असतं, त्यात यीस्ट घातलं तर अर्धं तिथंच मरतं. उन्हाळ्यात मी माठातलं पाणी घेते. स्वयंपाकघरात चाळीस अंशांच्या आसपास पीठ अर्ध्या तासात दुप्पट होतं. दीड तास ठेवलंत तर आंबूस वास सुटतो, वळी ओढताना तुटते आणि भाजल्यावर साल सुरकुतते. आमच्या भागातल्या भट्टीवरच्या मामूंना मी असं एक पीठ दाखवलं होतं. त्यांनी बोट खुपसलं, वास घेतला आणि म्हणाले, "भाभी, घडी मत देखो, आटा देखो." त्यांची खूण अशी: पिठात बोटाचं पेर खुपसून काढायचं. खड्डा हळूहळू अर्धा भरून आला तर बरोबर, लगेच भरला तर अजून वेळ आहे, भरलाच नाही तर उशीर झाला.

यीस्टचं पाकीट उन्हात पडलेल्या दुकानातून घेऊ नका. चमचाभर यीस्ट, चिमूट साखर, अर्धी वाटी कोमट पाणी, दहा मिनिटं. फेस आला नाही तर पुढं मैदा वाया घालवू नका.

शंभर-शंभर ग्रॅमचे गोळे करा, अर्धा किलोत आठ होतात. वळी एका दमात लांब होत नाही, रबरासारखी मागं येते. आठही गोळे थोडे थोडे लाटून झाले की पहिल्याकडं परत यावं, तोवर तो ऐकायला लागलेला असतो. मध्ये जाड, टोकांकडं बारीक, साधारण दोन फूट. पीळ द्या, टोकं पाण्याच्या बोटानं चिकटवा. मग ताटात पसरून, न झाकता, फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास. बाकी सगळ्या पिठांना आपण ओलं फडकं घालतो, इथं उलट करायचं. वरची बाजू किंचित वाळून कातडी धरली पाहिजे. तरच वळी झाऱ्यावरून पाण्यात जाताना गाठ सुटत नाही.

एक गोष्ट आमच्या गावाची. सोड्यातून काढलेला प्रेट्झेल थांबत नाही, लगेच भाजायला हवा. त्यामुळं आधी ओव्हन २२० अंशांवर पूर्ण तापू द्या आणि मगच पहिली वळी पाण्यात सोडा. लाईट जायची वेळ ठाऊक असेल तर त्या तासात हे काम काढूच नका. आणि सगळं बुडवून झाल्यावर लाईट गेलीच, तर लोखंडी कढईत मिठाचा थर तापवून, स्टँडवर ताट ठेवून, झाकण घालून भाजा, शेवटी तव्यावर उलटे टाका. रंग येतो, झळाळी येत नाही. मुलं तरीही खातात.

उकळत्या पाण्यात एकेक वळी वीस सेकंद, फार तर तीस. जास्त ठेवली की साबणाची चव लागते आणि ती कुठल्याही चटणीनं झाकत नाही. झाऱ्यावर निथळू द्या, पोटाच्या जाड भागावर पात्यानं एक आडवी चीर द्या, तिथून भाजताना पांढरा पाव उमलून येतो. १२ ते १५ मिनिटं. घरच्या ओटीजीत मागची बाजू जास्त तापते, म्हणून मधेच पत्रा फिरवा. रंग बदामी दिसला की लोक काढतात. काढू नका, अजून दोन मिनिटं. गडद तपकिरीपर्यंत जायची हिंमत लागते. बाहेर काढल्या काढल्या वितळलेलं लोणी फिरवा.

उरलेलं सोड्याचं पाणी गार होऊ द्या, वर भरपूर पाणी ओतून मोरीत सोडा, त्याच बैठकीत. कुंडीला नको, झाडं जळतात. आणि बादलीत काढून "नंतर बघू" तर अजिबात नको.

मीठ: बारीक मीठ विरघळून जातं, म्हणून खडेमीठ खलबत्त्यात दोन-तीन घाव घालून जाडसर करा, चाळणीनं पूड काढून टाका, राहिलेले बारके खडे वर टाका. पण मीठ लावलेला प्रेट्झेल डब्यात बंद करू नका. मीठ पाणी सोडतं, साल ओली होऊन तिच्यावर फोड आल्यासारखं होतं. पावसाळ्यात तर तासाभरात. ऑर्डरचे प्रेट्झेल मी तीळ लावून देते आणि मीठ वेगळ्या पुडीत. काही गिऱ्हाइकं आत चीज भरून मागतात. मी देते, पण ते मला पटत नाही. चीज फुटून बाहेर येतं, सालीला चिकटतं आणि ज्या सालीसाठी एवढा खटाटोप केला तीच जाते.

जर्मन लोक गोडसर मोहरीबरोबर खातात. ती आपल्या जिभेला फारशी मानवत नाही, निदान माझ्या घरी तरी नाही. कारळाची चटणी दह्यात कालवून ठेवा. निलंग्याकडची पानचिंचोलीची चिंच मिळाली तर तिची गूळ घातलेली घट्ट चटणी याहून बरी, आंबट-गोड-खारट तिन्ही जागच्या जागी बसतं. दुसऱ्या दिवशीचा प्रेट्झेल चामड्यासारखा ओढतो. त्याला पाण्याचा हात लावून तव्यावर झाकण ठेवून दोन मिनिटं गरम करा. त्याहून शिळा झाला तर बाईंची रीत: बारीक तुकडे करायचे, मोहरी, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्याच्या कुटाची फोडणी द्यायची, वर कोथिंबीर. मीठ घालायचं नाही, ते आधीच आहे.